बटरफ्लाय वीड, बियाण्यापासून: नेपरव्हिलच्या अंगणातल्या नोंदी

9 ऑक्टोबर 2021

जागा पक्की झाली. घराच्या दक्षिणेला ड्राइव्हवेला लागून जो लांबट उतार आहे, तो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत थेट ऊन. सध्या तिथे लॉन आहे, पण उन्हाळ्यात काँक्रीटच्या झळांनी ते करपतं. बटरफ्लाय वीडला, म्हणजे अ‍ॅस्क्लेपियस ट्युबरोझाला, अशीच जागा लागते. मिल्कवीडच्या कुळातलं हे नारिंगी फुलांचं, गुडघाभर उंचीचं झाड कोरड्या प्रेअरीवर, म्हणजे मोकळ्या गवताळ माळावर, वाळूच्या टेकाडांवर, रेल्वेरुळांच्या कडेला वाढतं. इतर मिल्कवीडसारखा पांढरा चीक याला नसतो, पाण्यासारखा रस असतो.

हेच झाड का, तेही लिहून ठेवते. आमच्या राज्याला, अमेरिकेतल्या इलिनॉयला, प्रेअरी स्टेट म्हणतात. गोरे शेतकरी येण्याआधी इथे सुमारे 2 कोटी 20 लाख एकर प्रेअरी होती, राज्याचा निम्म्याहून जास्त भाग. इथली काळी माती जुन्या नांगरांना चिकटून बसायची. 1837 मध्ये ग्रँड डिटूर गावात जॉन डिअर या लोहाराने पोलादी फाळाचा नांगर बनवला आणि पुढच्या काही दशकांत ती सगळी जमीन मक्याखाली आणि गव्हाखाली गेली. चांगल्या प्रतीची मूळ प्रेअरी आज अडीच हजार एकरांच्या आसपास उरली आहे. तीही कुठे जुन्या दफनभूमीत, कुठे रुळांच्या कडेला, जिथे नांगर पोचला नाही तिथे. मी जिथे राहते ती जमीनही कधीतरी प्रेअरीच होती. तिच्यावर तिचंच एखादं झाड असावं, असं मला मनापासून वाटतं.

24 ऑक्टोबर 2021

लॉनची सोलपट काढली. खाली पिवळट चिकणमाती निघाली. वसाहत बांधताना वरची काळी माती खरवडून नेलेली आहे, त्यामुळे वीतभर खाली गेलं की फावडं अडतं. चिकणमातीत हिवाळ्यात पाणी साचतं आणि बटरफ्लाय वीडचं मूळ कुजतं. हे झाड थंडीने सहसा मरत नाही, ओल्या पायांनी मरतं.

म्हणून उतारावर वाळू आणि बारीक खडी टाकून वीतभर उंच वरंबा केला आणि खालची माती थोडी त्यात मिसळली. कंपोस्ट अजिबात घातलं नाही. सकस माती मिळाली की हे झाड लांबट वाढून आडवं पडतं, शिवाय तण आधी माजतं.

13 नोव्हेंबर 2021

बी मिळालं. वनसंरक्षण जिल्ह्याच्या, म्हणजे इथल्या राखीव जमिनी सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, प्रेअरीवरून बी तोडायला बंदी आहे आणि ती रास्त आहे. जवळच्याच गावातल्या एका बाईंच्या बागेत जुनी झाडं आहेत, त्यांनी पाकीटभर दिलं. इथल्या थंडीत पिढ्यान्‌पिढ्या तगलेल्या झाडांचं बी असणं महत्त्वाचं. याच जातीची झाडं फ्लोरिडातही वाढतात, पण तिथल्या बियांचं वेळापत्रक वेगळं.

बी चपटं, तपकिरी, कडेला पातळ पापुद्रा. बियांना चिकटलेलं रेशीम, म्हणजे वाऱ्यावर उडवणारे मऊ तंतू, आधीच काढलेलं होतं.

नर्सरीतून तयार रोप का नाही आणलं, असं घरात विचारलं गेलं. दोन कारणं. पहिलं, सोटमूळ. रोप कुंडीत वाढलं की ते मूळ तळाशी वळतं आणि पुढे कायम अवघडून राहतं. दुसरं कारण मोठं आहे. हे झाड स्वतःच्या परागांनी जवळजवळ फळत नाही. एकाच झाडाच्या फुटव्यांपासून केलेली रोपं लावली तर फुलं भरपूर येतील, शेंगा नाहीत. बियाण्यापासून आलेलं प्रत्येक झाड वेगळं असतं आणि त्या वेगळेपणावरच पुढचं बी अवलंबून आहे. मला नुसती फुलं नकोत, शेंगा हव्यात.

5 डिसेंबर 2021

तीन वाटे केले. पहिला आज थेट वरंब्यावर पेरला. माती ओली करून बी वर विखुरलं, तळव्याने दाबलं, त्यावर वाळूचा पातळ थर दिला. वरून कोंबडीजाळी अंथरली, नाहीतर खारी उकरतात.

आपल्याकडे पेरणी म्हटलं की मृगाचा पाऊस. इथे हे बी जमीन गोठायच्या तोंडावर पेरायचं. ओल्या थंडीत महिनाभर तरी राहिल्याशिवाय ते सहसा उगवत नाही. शेंग फुटते शरद ऋतूत, आणि बी लगेच उगवलं तर रोप पहिल्याच बर्फात मरेल. थंडी सरल्याची खूण बियाला आतूनच कळावी, अशी सोय आहे ही.

22 जानेवारी 2022

दुसरा वाटा दुधाच्या रिकाम्या प्लास्टिक कॅनमध्ये. कॅन मधोमध कापला, तळाला भोकं पाडली, माती भरून बी पेरलं, वरचा भाग टेपने परत चिकटवला, टोपण उघडंच ठेवलं आणि सगळं बर्फात नेऊन ठेवलं. बर्फ आत पडतो, वितळतो, परत गोठतो. आपण काहीच करायचं नाही.

5 मार्च 2022

तिसरा वाटा ओल्या वाळूत मिसळून, झिपच्या पिशवीत, फ्रिजच्या खालच्या खणात. वाळू मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी निथळू नये, इतकीच ओल. महिनाभराने काढायचं.

21 एप्रिल 2022

फ्रिजमधलं बी दोन आठवड्यांपूर्वी खोल कुंड्यांत लावून खिडकीत ठेवलं होतं, आज बरीच रोपं वर आहेत. जाडसर जुळी पानं, देठ जांभळट. बाहेर दोन्हीकडे अजून शांतता.

26 मे 2022

कॅनमधली रोपं मेच्या मध्यावर उगवली. वरंब्यावरची आत्ता कुठे दिसू लागली. माती चांगली तापल्याशिवाय ती डोकं काढत नाहीत. सगळ्यात उशिरा आलेली ही रोपं सगळ्यात बुटकी आहेत, पण देठ जाड आणि रंग गडद. खिडकीतली उंच आणि फिकट.

11 जून 2022

कुंड्यांतली आणि कॅनमधली रोपं वरंब्याच्या पूर्वेकडच्या टोकाला लावली, हातभर अंतरावर. एका रोपाची माती धुऊन पाहिली. वर जेमतेम दोन बोटं वाढ आणि खाली वीतभर लांब पांढरं मूळ, सुतळीएवढं. वय दीड-दोन महिने. हे पाहिल्यावर थेट पेरणीवरचा माझा विश्वास वाढला.

सशांनी पश्चिमेकडची चार-पाच रोपं शेंड्यापासून कुरतडली. जाळी उभी केली.

18 सप्टेंबर 2022

पहिल्या वर्षाचा हिशेब छोटा आहे. झाडं वीतभर, फुलं नाहीत, फांद्या नाहीत. बघणाऱ्याला हा रिकामा वाफा वाटतो. शेजारच्या काकांनी अगदी आपुलकीने विचारलं की इथे काही लावणार आहेस का. त्यांना बसून एकेक रोप दाखवलं.

मधल्या जागांत लिटल ब्लूस्टेम गवताची रोपं लावली. लाइल गावी मॉर्टन अर्बोरेटम या वृक्षउद्यानात शुलेनबर्ग प्रेअरी आहे, 1962 पासून माणसांनी मेहनतीने उभी केलेली. तिथे बटरफ्लाय वीड कधी एकटं, मोकळ्या मातीत उभं दिसत नाही. गवताच्या झुबक्यांत असतं आणि त्यांच्याच आधाराने सरळ राहतं. बागेत आपण प्रत्येक झाडाभोवती माती उघडी ठेवतो. या झाडाला ती सवय नाही.

23 डिसेंबर 2022

तापमान उणे 22 सेल्सिअस, वर सोसाट्याचा वारा. बर्फ मात्र अगदी थोडा. जास्त बर्फ असता तर बरं झालं असतं, कारण बर्फाखाली मातीचं तापमान फार खाली जात नाही. पहिल्या हिवाळ्यात खरी भीती असते ती माती गोठते, सैल होते, परत गोठते याची. त्यात कोवळं मूळ वर ढकललं जातं आणि उघडं पडतं. यासाठी नोव्हेंबरातच वरंब्यावर गव्हाच्या काडाचा विरळ थर दिला होता.

14 मे 2023

बाबा बार्शीहून आले आहेत. सकाळी उठल्या उठल्या ते वरंब्यापाशी जाऊन उभे राहिले.

इतर सगळं हिरवं झालं आहे आणि बटरफ्लाय वीडचा पत्ता नाही. हे झाड वसंतात फार उशिरा जागं होतं. मेल्याचं समजून लोक तिथे फावडं घालतात आणि जिवंत मूळ तोडतात. म्हणून गेल्या शरदात प्रत्येक रोपाजवळ काडी रोवली होती आणि जुने वाळके देठ तसेच ठेवले होते. बाबांनी एका काडीपाशी बोटाने वाळू बाजूला केली. जांभळट कोंब होता, हरभऱ्याएवढा.

"आहे गं बाई," म्हणाले, आणि वाळू परत सारली.

8 जून 2023

पाऊस नाही. मे महिना या भागात नोंद व्हावी इतका कोरडा गेला, जूनही तसाच चालला आहे. लॉन सगळीकडे पिवळी. वरंब्यावरची झाडं ताठ आहेत. थेट पेरलेल्या रांगेला एक थेंबही घातला नव्हता. कुंडीतून लावलेल्यांची पानं दुपारी माना टाकत होती म्हणून मी नळी घेऊन गेले, तर बाबांनी अडवलं.

"त्याला पाणी कशाला? मुरमाड रानातलं झाड हाय हे. वर पाणी मिळालं की मूळ वरच हिंडतं. खाली जाऊ दे त्याला."

बार्शीच्या कोरडवाहू रानात आयुष्य घातलेल्या माणसाला हे सांगायला पुस्तक लागत नाही. तरी कुंडीतल्यांना आठवड्यातून एकदा खोलवर पाणी द्यायचं ठरलं. त्यांचं मूळ अजून स्वतःचं स्वतः पाणी शोधण्याइतकं खाली गेलेलं नाही.

27 जून 2023

कॅनडातल्या वणव्यांचा धूर आज इतका खाली आला की रस्त्याचं दुसरं टोक दिसत नाही. खिडक्या बंद, बाबांना बाहेर जाऊ दिलं नाही. काचेतून मात्र दिसलं: थेट पेरलेल्या रांगेत एका झाडावर कळ्यांचा झुपका आला आहे.

9 जुलै 2023

फुललं. एकाला लागून दुसरं, दुसऱ्याला लागून तिसरं. थेट पेरलेल्यांतली काही झाडं दुसऱ्याच वर्षी फुलली, कुंडीतून लावलेल्यांतलं एकही नाही. एवढ्याशा वाफ्यावरून नियम काढता येत नाही, पण माझ्यापुरतं उत्तर मिळालं.

रंग सारखे नाहीत. एकाची फुलं गर्द केशरी, एकाची पिवळीकडे झुकणारी, एक जवळजवळ शेंदरी. ज्या वेगळेपणासाठी बी पेरलं, ते डोळ्यांना दिसायला लागलं.

बाबांनी फूल भिंगातून पाहिलं आणि क्षणात ओळखलं. "रुईचंच हाय की." खरं आहे. पाकळ्या खाली वळलेल्या, मधे पाच खोबण्यांचा मुकुट. आपल्याकडे बांधावर जी रुई वाढते, जिच्या पानांची माळ शनिवारी मारुतीला घालतात, ती याच कुळातली. दोघींची परागीकरणाची तऱ्हाही एकच आहे. पराग सुट्या भुकटीसारखे नसतात, दोन पिवळ्या पिशव्यांत बांधलेले असतात. किडा मधासाठी फुलावर उतरतो, त्याचा पाय खाचेत घसरतो, आणि ओढून काढताना पिशव्यांची जोडी पायाला अडकून येते. दुसऱ्या फुलाच्या खाचेत ती नेमकी बसली तर शेंग. छोट्या किड्यांचे पाय अडकून ते मरतातही. आज एका भुंग्याच्या पायाला अशा दोन जोड्या लोंबताना भिंगातून दिसल्या. बाबा आणि मी कितीतरी वेळ तिथेच उकिडवे बसलो होतो.

6 ऑगस्ट 2023

शेंड्यांवर पिवळा मावा. एकेका देठावर शेकडो, पाय काळे. हाच मावा महाराष्ट्रात रुईवर आणि कण्हेरीवर येतो, बाबांनी नाव विचारायच्या आधीच सांगितलं. औषध मारायचा प्रश्नच नाही, कारण ज्यांच्यासाठी झाड लावलं तेच मरतील. पाण्याच्या बारीक धारेने निम्मा उडवला, बाकीचा, मावा खाणाऱ्या लेडीबर्डच्या अळ्यांसाठी ठेवला.

पानाखाली मोनार्क फुलपाखराचं अंडं. टाचणीच्या डोक्याएवढं, फिकट, उभ्या रेघांचं. एकच. मोनार्कची मादी अंड्यांसाठी कॉमन मिल्कवीड आणि स्वॉम्प मिल्कवीड जास्त पसंत करते. बटरफ्लाय वीडच्या पानांत ते कडू विष कमी असतं, ज्याच्या जोरावर अळी आणि पुढे फुलपाखरू पक्ष्यांपासून वाचतं. त्यामुळे फक्त मोनार्कच्या अळ्यांसाठी लावायचं असेल तर हे झाड पहिल्या पसंतीचं नाही, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. मधासाठी मात्र मोनार्क याच्यावर तुटून पडतात.

आपल्याकडच्या रुईवर प्लेन टायगर फुलपाखरू अंडी घालतं. मोनार्क आणि प्लेन टायगर एकाच प्रजातिसमूहातले. बाबांना फोटो दाखवला तर म्हणाले, हे पाखरू आमच्या बांधावर रोज असतं.

10 सप्टेंबर 2023

शेंगा दोनच धरल्या. फुललेली झाडं थोडी आणि भुंगे कमी, धूर आणि दुष्काळ दोन्ही आडवे आले. त्या दोन शेंगा तशाच सोडल्या, वाऱ्याला.

बाबा गेल्या आठवड्यात परत गेले. जाताना खिशात वरंब्यावरचा एक खडा घेऊन गेले. बी नेऊ दिलं नाही मी त्यांना. त्या मातीतलं ते झाड नाही, आणि तिथे रुई आहेच.

28 फेब्रुवारी 2024

काल पारा 23 सेल्सिअसवर होता, लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते. रात्रीत तो गोठणबिंदूच्या खाली गेला. गल्लीतल्या काही झाडांच्या कळ्या फुगल्या होत्या, त्यांचं काय होईल माहीत नाही. वरंब्यावर मात्र काहीच हललेलं नाही. उशिरा जागं होण्याचा फायदा अशा वर्षी कळतो.

याच महिन्यात मेक्सिकोतली मोजणी आली. रॉकी पर्वतांच्या पूर्वेकडचे मोनार्क मिचोआकानच्या आणि शेजारच्या डोंगरांतल्या ओयामेल फरच्या जंगलात हिवाळा काढतात. तिथे ते फांद्यांवर इतके दाट बसतात की एकेक मोजणं शक्य नसतं, त्यामुळे त्यांनी किती हेक्टर जंगल व्यापलं ते मोजतात. यंदा 0.9 हेक्टर. आधीच्या हिवाळ्यात 2.21 होतं. 1996-97 मध्ये 18 हेक्टरांच्या वर होतं. आकडा वाचल्यावर मी बराच वेळ काही बोलले नाही. मग उठून कॉमन मिल्कवीडचं बी ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये ठेवलं. परसदारी त्याला जागा आहे.

2 जून 2024

17 वर्षांनी जमिनीतून बाहेर येणारे सिकाडा किडे आले आहेत, ब्रूड 13 नावाची त्यांची पिढी. जुन्या ओकखालून हजारो निघाले, आवाजाने फोनवर बोलणं कठीण. अंडी घालायला त्यांना झाडांच्या कोवळ्या फांद्या लागतात, बटरफ्लाय वीडला त्यांच्यापासून धोका नाही. दोन-चार टरफलं देठांना चिकटलेली आहेत, तेवढीच.

7 जुलै 2024

तिसरा उन्हाळा. पूर्वेकडची, कुंडीतून लावलेली झाडंही आता फुलली. पश्चिमेकडची थेट पेरलेली झाडं गुडघ्याच्या वर, एकेका मुळातून सात-आठ देठ. एका वेळी फुलावर मोनार्क, मोठं फ्रिटिलरी फुलपाखरू आणि दोन जातींचे भुंगे होते. शेजारचे काका रोज संध्याकाळी येऊन उभे राहतात. त्यांनी आपल्या लॉनच्या कडेची पट्टी मोकळी करायला घेतली आहे.

21 सप्टेंबर 2024

शेंगा! जवळजवळ प्रत्येक झाडावर. टोकदार, आभाळाकडे उभ्या, बारीक लव असलेल्या. निम्म्या शेंगांना दोऱ्याने बांधलं, म्हणजे फुटल्या तरी बी उडणार नाही. शेंगेची शिवण बोटाने हलके दाबून उघडली आणि आतलं बी तपकिरी दिसलं की काढायला तयार. पांढरं असेल तर थांबायचं.

उघडलेल्या शेंगेत बिया माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात आणि मधे रेशमाची वळी. शेंग फुटायच्या आत ती वळी टोकाला चिमटीत धरायची आणि दुसऱ्या हाताने बी खाली ओढायचं. सगळं स्वच्छ सुटतं. एकदा रेशीम फुललं की घरभर म्हाताऱ्या उडतात, मुलाला तेच आवडतं.

या रेशमाचाही एक इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात जावाहून येणारा सावरीचा कापूस बंद झाला, तो लाइफ जॅकेटमध्ये भरायचे. मग अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी रानोमाळ हिंडून मिल्कवीडच्या शेंगा गोण्यांत भरून दिल्या. दोन गोण्यांत एक जीव वाचतो, असा प्रचार होता. त्या शेंगा मुख्यतः कॉमन मिल्कवीडच्या. मुलाला हे सांगितल्यावर त्याने स्वतःची एक पिशवी वेगळी भरली.

बांधल्या नव्हत्या त्या शेंगा वाऱ्यासाठी.

16 नोव्हेंबर 2024

बी कागदी पाकिटांत, थंड आणि कोरड्या जागी. प्रत्येक पाकिटात निदान तीन वेगवेगळ्या झाडांचं बी मिसळलं आहे, म्हणजे ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडेही शेंगा धरतील. काकांच्या पट्टीवर आज आम्ही दोघांनी मिळून पेरणी केली, जमीन गोठायच्या आत. त्यांची माती माझ्यापेक्षा जड आहे, म्हणून तिथेही आधी वाळू आणि खडी.

24 मे 2025

काकांकडे उगवलं आहे, विरळ पण आहे. माझ्याकडे ड्राइव्हवेच्या काँक्रीटमधल्या फटीत, वाऱ्याने नेलेल्या बियांची रोपं आली आहेत. उपटून लावायचा मोह होतो, पण मूळ आतापर्यंत फटीच्या खाली गेलेलं असणार. तिथेच राहू द्यायची, गाडी थोडी डावीकडे लावायची.

या शरदात वरंब्याच्या वरच्या टोकाला पर्पल प्रेअरी क्लोव्हर पेरायचा आहे. तो जुलैत, बटरफ्लाय वीडच्या जोडीनेच फुलतो, जांभळा. बी आजच सांगून ठेवलं.